घटकाभर वरच्या टेबलावर

सुकेशनीने ठरवलेला आकडा मंगळवारी दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी पुरा झाला, आणि पाचच मिनिटांत तिने तो बदलला.

आकडा कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावर होता. आधी तिथे वीस लिहिलेलं होतं. ते खोडून तीस. तीस खोडून चाळीस. आता तिने चाळीसवर पट्टीने सरळ रेघ ओढली, शेजारी पन्नास लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

"खोडलंस का परत?" पलंगावरून म्हाळसाबाईंनी विचारलं.

म्हाळसाबाई तिच्या सासूबाई. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू नुकताच काढला होता आणि डॉक्टरांनी दीड महिना धुळीत जायचं नाही असं बजावलं होतं. मेंढरांमागे राहायचं आणि धूळ टाळायची, हे काही जमण्यासारखं नव्हतं. त्यामुळे सासरे, मल्हारी, धाकट्या मुलाला घेऊन एकशे तीस मेंढरांसह जायकवाडीच्या आटलेल्या पोटात उतरले होते. धरणाचं पाणी जसं मागे सरत होतं तसं ओल्या गाळावर गवत उगवत होतं. आणि म्हाळसाबाई दौलताबादच्या पलीकडची वस्ती सोडून, शहराच्या टोकाला सातारा परिसरातल्या एका नव्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, थोरल्या मुलाच्या, आदिनाथच्या घरी काळा चष्मा लावून बसल्या होत्या. २०१६ चा एप्रिल होता. इमारती भराभरा उभ्या राहत होत्या, पाणी टँकरने येत होतं.

"मी आल्यापासनं दोनदा खोडलंस," त्या म्हणाल्या. "मला वाचता येत नाय, पण खोडलेलं दिसतंय. एक डोळा नवा हाय माझा."

सुकेशनी ज्युनिअर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, आणि सुट्टी लागल्यापासून रोज दुपारी दोन तास आपण लॅपटॉपवर काय करतो हे किती दिवस लपणार होतं? तिने खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"पत्ते खेळते मी, आत्याबाई. पैशांनी."

म्हाळसाबाईंनी चष्मा काढला, सुनेकडे पाहिलं, पुन्हा घातला. "आदिनाथाला ठावं हाय?"

"हो. त्यांनीच कार्ड दिलं होतं पहिले दोन हजार भरायला."

"आन् मास्तरीण हायस तू."

"म्हणूनच सुरू केलं. वर्गात शक्यता शिकवायला उदाहरणं हवी होती."

उदाहरणं दोन महिन्यांत पुरेशी झाली होती. खेळ मात्र दोन वर्षं चालला होता. पोकर त्याचं नाव. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून, मध्ये पाच पत्ते सगळ्यांचे मिळून. ज्याची जुळणी वरचढ, त्याला मधली सगळी रक्कम. पण हातात काही नसतानाही मोठी रक्कम लावून समोरच्याला पळवता येतं, आणि खरा खेळ तिथेच सुरू होतो. सुकेशनी ज्या टेबलावर बसायची तिथे एका वेळी हजार रुपये घेऊन बसतात. त्याच्या वरच्या टेबलावर दोन हजार घेऊन. पत्ते तेच, नियम तेच. माणसं वेगळी.

"आमच्या आवडाबाईच्या नवऱ्यानं दिवाळीत तीन पत्तीवर सात मेंढे घालवले," म्हाळसाबाई म्हणाल्या. "तू किती घालवलंस?"

"दोन हजारांचे ऐंशी हजार झालेत."

म्हाळसाबाईंनी कपाटाच्या दाराकडे बघितलं.

"मंग खोडतीस काय?"

सुकेशनीने समजावून सांगितलं. वरच्या टेबलावर जायचं तर आपल्याजवळ तसे वीस वेळा बसण्याइतके पैसे असावेत, म्हणजे पत्त्यांचे वाईट दिवस आले तरी माणूस बुडत नाही. वीस वेळांचे चाळीस हजार. ते झाले तेव्हा तिला वाटलं, तीस वेळा असलेले बरे. तीस झाले तेव्हा चाळीस. आता चाळीस झाले होते, ऐंशी हजार, आणि...

"आन् आता पन्नास," म्हाळसाबाई म्हणाल्या. "मंग शंभर. मंग तुझ्या नातवानं जायाचं वर."

सुकेशनीला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. पैशांची भीती नव्हती. ते घरखर्चातले नव्हतेच. एक्केचाळीस हजार डावांची नोंद तिच्या वहीत होती आणि खालच्या टेबलावर आपण जिंकतो, यात तिला शंका उरली नव्हती. पण तिथे बसणारे बरेचसे लोक ऑफिसात कंटाळलेले, बसस्टँडवर गाडीची वाट बघणारे. आपण चांगलं खेळतो, की आपल्याहून वाईट खेळणाऱ्यांत बसतो? खालच्या टेबलावर या प्रश्नाला उत्तर नव्हतं. ते वर होतं. आणि ते 'नाही' असं आलं तर दोन वर्षांतली ही एकमेव गोष्ट, जी तिने कुणी न सांगता, कुणासाठी नाही तर स्वतःसाठी केली होती, तीच खोटी ठरणार होती.

एवढं सगळं ती बोलली नाही. "थोडी भीती वाटते," एवढंच म्हणाली.

"दाखीव," म्हाळसाबाई म्हणाल्या आणि पलंगावर सरकून जागा केली.

*

चार दिवसांत म्हाळसाबाईंना बदाम-इस्पिकाच्या पलीकडचं बरंच काही कळू लागलं. खेळाची जुळणी त्या कधीकधी विसरायच्या, माणसं मात्र विसरायच्या नाहीत. पडद्यावर फक्त नावं असायची, तीही खोटी. पण त्यांनी प्रत्येकाला आपलं नाव दिलं होतं. एक उतावळा, एक पेंगुळलेला, एक नुसताच मोठ्या घरचा.

"ह्ये म्हंजी रुमालाखालचा सौदा हाय," एका दुपारी त्या म्हणाल्या.

पाचोडच्या बाजारात जनावराचा भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा एका रुमालाखाली हात घालतात, बोटं दाबून आकडे सांगतात, आणि भोवतीच्या पन्नास माणसांना काही कळत नाही. "तुझा सासरा हात घालायचा. मी मागं उभी. मी घेणाऱ्याचे पाय बघायची. ज्याला जनावर खरंच पायजे त्याचे पाय हलत नायत. नुसता भाव पाडाया आलेला सारखा पाय बदलतोय. मी खोकले की त्यो समजायचा." मग पडद्याकडे बोट करून त्यांनी विचारलं, "हितं पाय कुठं दिसत्यात?"

"इथे वेळ दिसतो," सुकेशनी म्हणाली. "कोण किती सेकंदांनी पैसे लावतो ते. मी लिहून ठेवते."

"व्हय? मंग दिसत्यात की पाय."

त्या शुक्रवारी आदिनाथला सुट्टी होती. वाळूजच्या कंपनीत तो शिफ्ट इनचार्ज होता. आई आणि बायको एकाच पडद्यात डोकं घालून बसलेल्या पाहून तो दारातच उभा राहिला.

"माय, तू पण?"

"तुझी बायकू वर जाईना. तिला जरा सांग."

"मी काय सांगू? ही स्कूटी शिकली तेव्हा महिनाभर पार्किंगमध्येच गोल फिरवत होती. शेजारच्या आशाबाई वरून मोजायच्या. एकशे सहा चकरा झाल्यावर गेटाबाहेर पडली."

"एकशे बारा," सुकेशनी म्हणाली.

"बघ!"

सगळे हसले. पण चहा घेऊन आदिनाथ आत गेल्यावर म्हाळसाबाई हसायच्या थांबल्या आणि त्यांनी पाय पोटाशी घेतले.

"तुझा सासरा बी एकदा भ्याला हुता," त्या म्हणाल्या. "लगीन होऊन पाचसहा वर्सं झाली असतील. असाच दुष्काळ. दोन दिस मेंढरं उपाशी, आन् वाटंत कापलेल्या ज्वारीच्या खोडाला हिरवे फुटवे आलेले. यानं सगळी मेंढरं एकदम घातली आत. सांजच्याला अकरा मेली."

सुकेशनीला त्यातलं रसायन माहीत होतं. पाणी न मिळालेल्या ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांत सायनाइड तयार होतं. उपाशी जनावर ते भसाभसा खातं आणि त्याच्या शरीराला ते निवारायला वेळच मिळत नाही. "किराळ लागली," ती म्हणाली.

"व्हय, किराळ. चूक व्हायची तेवढी झाली. पर त्याच्या पुढची चूक मोठी. दोन वर्सं या माणसानं मेंढरं नव्या रानातच घातली नायत. कुणी म्हणलं, तिकडं चारा हाय, की हा म्हणायचा, बघू, अजून थोडं बघू. जुन्या रानात खडे चाटत फिरली मेंढरं. त्यातबी मेली, सतरा. सावकाश मेली म्हणून कुणाला दिसली नायत."

"मग?"

"मंग माझी सासू, केसरबाई, ती उठली. म्हणली, नवं रान वाईट नसतंय, जायाची रीत असती. आधी जुन्या रानात पोट भर. दंव वाळलं की मंग ने. उपाशी जनावर न्यायचं नाय. आन् पहिल्या दिशी घटकाभर. घटका झाली की पोट भरलेलं असू दे नायतर नसू दे, गवत कितीबी ग्वाड असू दे, हाकायचं माघारी. दुसऱ्या दिशी परत. चार दिसांनी जनावर आपलं आपण चरतंय."

"माघारी," सुकेशनी म्हणाली.

"माघारीच. तू वर गेलीस आन् हरलीस, तर काय खालचं टेबल कुणी उचलून नेतंय?"

सुकेशनी उठून खिडकीशी गेली. खाली अर्धवट बांधलेल्या इमारतीवर मजूर वाळू चाळत होते. दोन वर्षांत तिने वर जाण्याचे चार आकडे लिहिले होते. खाली येण्याचा एकही लिहिला नव्हता. तिला ते सुचलंच नव्हतं. वरचं टेबल म्हणजे तिच्या मनात बारावीचा वर्ग होता. एकदा पोचलं की पुन्हा अकरावीत बसायचं ते नापास झाल्यावर, सगळ्यांच्या देखत. धनगराच्या घरात जन्मूनही ती मेंढरांमागे कधी गेली नव्हती. तिचे वडील शाळामास्तर होते, आणि त्यांच्या घरात वर चढायचं असतं, एवढंच शिकवलेलं. माघारी फिरणं हा जाण्याचाच भाग असू शकतो, हे तिला आता, पस्तिसाव्या वर्षी कळत होतं.

"घटका म्हणजे चोवीस मिनिटं," ती म्हणाली.

"मला काय ठावं. घटका म्हंजी घटका."

*

सोमवारी दुपारी म्हाळसाबाईंनी तिला आधी जेवायला बसवलं. दोन भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर दही.

"आत्याबाई, पोट भरायचं म्हणजे खालच्या टेबलावर आधी थोडं जिंकायचं. तसा अर्थ."

"अर्थ तुझा तू लाव. भाकर खा."

त्यामुळे डाव सुरू झाला तेव्हा तिला जांभया येत होत्या. खालच्या टेबलावर तासभर खेळून सहाशे रुपये जिंकल्यावर तिने मोबाइलवर चोवीस मिनिटांची घंटा लावली आणि वरच्या टेबलावरच्या रिकाम्या खुर्चीवर बोट ठेवलं. हात गार पडले होते. बाहेर बेचाळीस अंश होते.

अकराव्या मिनिटाला तिला दोन एक्के मिळाले. याहून चांगले दोन पत्ते या खेळात नाहीत. समोरच्याने सगळे पैसे लावले, तिनेही लावले. त्याच्याकडे गुलामांची जोडी निघाली. आणि शेवटच्या पत्त्याला तिसरा गुलाम आला.

दोन हजार गेले.

म्हाळसाबाईंनी जीभ चावली. सुकेशनी पडद्याकडे बघत राहिली. मग आणखी दोन हजार घेऊन उरलेली तेरा मिनिटं खेळली, पन्नास-साठ इकडेतिकडे झाले, घंटा वाजली आणि ती उठली. खाली आली. खालचं टेबल जागेवर होतं. कंटाळलेले, पेंगुळलेले, मोठ्या घरचे, सगळे होते. कुणी काही विचारलं नाही. ती वर जाऊन आल्याचं कुणाला माहीतही नव्हतं.

तेव्हा तिला हसू फुटलं. आधी नाकातून, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"हरलीस ना गं?"

"हरले. पण बरोबर हरले, आत्याबाई! तोच डाव पाच वेळा मांडला तर चार वेळा मी जिंकेन. मी एकही चूक केली नाही."

म्हाळसाबाईंनी फोन उचलून जायकवाडीला लावला. "ऐकताय का? सून दोन हजार घालवून हसाया लागली. या घरात काय खरं नाय... नाय, बरी हाय. जेवलीय बी... तुमची मेंढरं कशी हायत?"

बुधवारी चोवीस मिनिटांत तीनशे चाळीस रुपये मिळाले. गुरुवारी तिला राण्यांची जोडी आली.

समोर एकच माणूस उरला होता. म्हाळसाबाईंनी त्याचं नाव शिंगरू ठेवलं होतं, कारण तो उगाच उधळायचा. मध्ये नव्वी, सत्ती, चव्वी, दुर्री उतरली. प्रत्येक वेळी त्याने पैसे लावले, प्रत्येक वेळी सुकेशनीने तेवढेच टाकले. मध्ये सोळाशे जमले. पाचवा पत्ता उलटला: राजा. राजा म्हणजे राणीच्या वर. त्याच्या हातात एक राजा असला तरी डाव त्याचा.

शिंगरूने बाराशे लावले.

नेमका त्याच वेळी खाली टँकरचा भोंगा वाजला. "तिसरा मजला! पाइप सोडा!" आशाबाई जिन्यातून ओरडल्या.

"माय, पाणी!" रात्रपाळी करून आत झोपलेला आदिनाथ.

"तू जा!" म्हाळसाबाई मागे न बघता म्हणाल्या. "दुष्काळ काय आज संपत नाय. पोरी, किती येळ घेतला त्यानं?"

"बावीस सेकंद."

"आन् पत्ते असल्यावर किती घेतोय?"

वही मांडीवरच होती. "तीन-चार. अकरा वेळा लिहिलंय मी. पण आत्याबाई, अकरा म्हणजे फार कमी. अकरा नोंदींवरून काही सिद्ध..."

"पाय बदलतोय त्यो."

पडद्यावर तिच्या नावाखाली सेकंद कमी होत होते. चौदा. तेरा. सुकेशनीने हिशोब केला, जसा फळ्यावर केला असता. बाराशे टाकून चार हजारांचा डाव. दहांत तीन वेळा बरोबर ठरले तरी पुरे. राजा असता तर तो आधीपासून इतक्या जोरात का खेळला असता? त्याला लागोपाठच्या पाच पत्त्यांची ओळ जुळवायची होती आणि ती जुळली नाही. म्हणून आता राजाचं नाव पुढे करून तो तिला हाकलत होता. अकरा नोंदी कमी होत्या. पण दहांत तीनला पुरत होत्या.

सहा सेकंद उरले असताना तिने बाराशे टाकले.

त्याचे पत्ते उलटले. अठ्ठी आणि छक्की. काही जुळलेलं नाही.

चार हजार रुपये तिच्या नावाकडे सरकले, पण ते दिसायच्या आधीच म्हाळसाबाईंनी अशी आरोळी ठोकली, जी एरवी अर्ध्या मैलावरच्या मेंढराला माघारी वळवते. खालून आशाबाई धावत वर आल्या, हातात पाइपाचं टोक तसंच.

"काय झालं? पडल्या का?"

"जितलो!" म्हाळसाबाई म्हणाल्या. त्यांनी काळा चष्मा काढून फेकला होता आणि सुनेचं तोंड दोन्ही हातांत धरलं होतं. "शिंगरू धरलं!"

"कुणाचं शिंगरू?" आशाबाईंनी विचारलं. पाइपातून पाणी आलं आणि बैठकीत पसरलं. सुकेशनी उठली नाही. घंटा वाजायला अजून सहा मिनिटं होती आणि तिला ती पुरी खेळायची होती. आदिनाथ शिव्या देत फडकं शोधत होता, आशाबाई पाइप घेऊन परत पळत होत्या, आणि ती ओल्या फरशीवर पाय टेकून पुढचे दोन पत्ते बघत होती.

*

पुढच्या आठवड्यात तिने घटका दुप्पट केली, त्यापुढच्या आठवड्यांत आणखी वाढवली. दोनदा खाली आली, एकदा सलग चार दिवस खालीच राहिली, कारण सहा हजार गेले की चार दिवस वर जायचं नाही असं तिने ठरवून टाकलं होतं. ते पाळताना तिला वाईट वाटलं नाही, हे तिलाच नवल वाटलं. आपण खरंच चांगलं खेळतो का, याचं उत्तर यायला निदान वीस हजार डाव लागतील, असं तिने मांडलं. झाले होते दोन हजार तीनशे. आतापर्यंतचं उत्तर बरं दिसत होतं, पण इतक्या डावांवरून बोलायचं नसतं, हे तिने आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलं होतं.

मेच्या अखेरीस एका दुपारी आदिनाथ शहागंजातून आंब्यांची पेटी घेऊन आला. म्हाळसाबाई, आता चष्म्याविना, सुनेशेजारी बसून तूरडाळ निवडत होत्या.

"आज कुठं?" त्याने पेटी खाली ठेवत विचारलं. "वर का खाली?"

सुकेशनीने तोंड उघडलं आणि थांबली. तिला माहीत नव्हतं. पडद्याच्या कोपऱ्यात वाकून बघावं लागलं.

"वर," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"जेवल्यापासून असेल."

म्हाळसाबाईंनी डाळीतून डोकं वर काढून मुलाकडे पाहिलं आणि पेटीतला एक आंबा नाकाशी नेला. "कच्चा हाय," त्या म्हणाल्या. "फसवलं तुला. इकणाऱ्याचे पाय बघितले नायस का?"

तेवढ्यात नवे पत्ते आले. सत्ती आणि दुर्री, एक काळी, एक लाल; याहून वाईट दोन पत्ते या खेळात नाहीत. सुकेशनीने ते एका सेकंदात टाकून दिले आणि दुसरे काय करतात ते बघत बसली.